घरच्या कुंडीतल्या पानांचा हर्बल चहा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गवती चहा आणि आलं घातलेला दुधाचा चहा आपल्याकडे घरोघरी होतो. त्यातली चहापत्ती आणि दूध वगळून नुसत्या पानाफुलांचा चहा करून बघणारे आता बरेच जण आहेत. त्यांच्याकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र केली आहेत. चव बिघडते ती बहुतेकदा दोन कारणांनी: फार गोष्टी एकत्र घातल्या जातात आणि फार वेळ उकळल्या जातात. खालच्या उत्तरांत हे दोन मुद्दे वेगवेगळ्या निमित्तानं येत राहतील.

सुरुवात कोणत्या झाडांपासून करावी?

गवती चहा, पुदिना आणि तुळस. तिन्ही महाराष्ट्रात कुठेही येतात, कुंडीत येतात, आणि तिघांचा वास एकमेकांपासून स्वच्छ वेगळा आहे. गवती चहात लिंबाच्या सालीसारखा वास, पुदिन्यात गारवा, तुळशीत लवंगेच्या जवळ जाणारा तिखटपणा. आणखी काही लावण्याआधी या तिघांचा एकेकट्याचा चहा पिऊन बघा. ज्याची एकट्याची चव माहीत नाही, ते पान मिश्रणात काय करतंय हे कळत नाही.

गवती चहा लावायचा कसा आणि कापायचा कुठून?

बी शोधू नका. ओळखीच्या कुणाच्या अंगणातून मुळासकट एक ठोंब आणा. वरची पानं वीतभर ठेवून कापून टाका आणि किमान १२ इंची कुंडीत लावा. लहान कुंडीत मुळं लवकर गच्च होतात आणि पानं बारीक, कोरडी येऊ लागतात. पावसाच्या सुरुवातीला लावलं तर तीन-चार महिन्यांत पहिली कापणी मिळते.

कापताना जमिनीपासून चार-पाच बोटं वर कापा. अगदी मुळाशी कापलं की नवीन फुटवे यायला फार वेळ लागतो. पानाच्या कडा धारदार असतात. ओढून तोडायला गेलं की बोटाला बारीक चीर पडते, म्हणून कात्रीच वापरा. बाहेरची जुनी पानं आधी घ्यायची, मधला कोवळा सुरळीसारखा भाग वाढू द्यायचा. खालचा पांढरट, जाडसर दांडा टाकू नका. तो ठेचून पाण्यात घातला की पानापेक्षा जास्त दाट चव येते.

दोन-तीन वर्षांनी ठोंब फार मोठा झाला की उपटून चार भाग करा. एक भाग परत लावा, बाकीचे वाटून टाका.

एक खबरदारी घ्या. काही नर्सऱ्यांत डास पळवणारं झाड म्हणून सिट्रोनेला विकतात. ते गवती चहाचंच भावंड आहे आणि लांबून सारखंच दिसतं. त्याच्या दांड्याचा बुडखा बहुधा लालसर असतो, आणि पान चुरगळलं की लिंबाऐवजी डासांच्या मलमाचा वास येतो. ते प्यायचं नाही.

भाजीवाल्याकडच्या पुदिन्याच्या काड्या लागतात का?

हो, सहज. जुडीतल्या जाडसर, निरोगी काड्या निवडा, खालची पानं काढा आणि पाण्यात ठेवा. आठवडाभरात पांढरी मुळं दिसतात. मग पसरट कुंडीत लावा. पुदिना जमिनीलगत धावतो, त्यामुळे त्याला स्वतंत्र कुंडी हवी. गवती चहाच्या किंवा तुळशीच्या कुंडीत लावलात तर तो तिथे हातपाय पसरतो.

वृंदावनातल्या तुळशीची पानं चहाला चालतात का?

चहासाठी वेगळं झाड ठेवावं, असं मी आग्रहानं सांगेन. वृंदावनातल्या तुळशीवर रोज हळद-कुंकू पडतं, शेजारी तेलाचा दिवा आणि उदबत्ती असते. पान उलटून बघा, मागच्या लवेत कुंकवाचे कण अडकलेले दिसतील. ते धुऊनही पूर्ण जात नाहीत, आणि बाजारातल्या कुंकवात कोणता रंग आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. शिवाय अनेक घरांत एकादशीला, रविवारी किंवा सूर्यास्तानंतर तुळस तोडत नाहीत. वेगळं झाड असलं तरी तो नेम पाळायचा असेल तर आदल्या दिवशी सकाळी पानं काढून ठेवा. ओल्या फडक्यात गुंडाळून दोन दिवस छान राहतात.

राम तुळस सौम्य, कृष्ण तुळस जास्त तिखट. रान तुळशीचा वास जवळजवळ लवंगेचाच, तिची दोन पानं पुरतात. मंजिऱ्या आल्या की खुडत राहा, नाहीतर झाडाची ताकद बी धरण्यात जाते आणि पानं लहान होतात. चार-दोन मंजिऱ्या मात्र बियांसाठी ठेवा.

फ्लॅटच्या खिडकीत ऊन फारच कमी येतं. काय लावू?

दोन-तीन तासांचं ऊन असेल तर पुदिना आणि ओव्याचं पान. गवती चहा आणि तुळस यांना चार-पाच तास तरी हवेत. त्याहून कमी उन्हात ती मरत नाहीत, पण पानांना वास धरत नाही, आणि वासाशिवाय या चहात काही अर्थ नाही. ग्रिलमध्ये जागा असेल तर या दोघांना बाहेरच्या कडेला आणि पुदिन्याला आत ठेवा.

ओव्याचं पान म्हणजे ओव्याचंच झाड ना?

नाही. आपण फोडणीला घालतो तो ओवा वेगळ्या झाडाचं फळ आहे. लोक ज्याची भजी करतात ते जाड, लवदार, मांसल पान दुसऱ्याच कुळातलं. वास सारखा येतो कारण दोघांतली सुगंधी द्रव्यं जवळची आहेत. चहाला हे पान ताजंच वापरा. जाड असल्यामुळे ते नीट वाळत नाही, वाळण्याआधीच काळं पडतं. एका कपाला अर्धं पान पुरे.

पानं दिवसाच्या कोणत्या वेळी काढावीत?

सकाळी, दव सुकल्यावर आणि ऊन चढण्याआधी. पानांमधलं सुगंधी तेल उडून जाणारं असतं. दुपारच्या उन्हात ते कमी होतं, आणि दवानं ओली पानं वाळवताना काळी पडतात. झाडाला फुलोरा येण्याच्या थोडं आधीची पानं सगळ्यात वासाची असतात.

कीटकनाशक किंवा अगदी कडुनिंबाचं तेल फवारलं असेल तर त्यानंतर किमान दहा दिवस पानं चहाला घेऊ नका. रासायनिक औषध असेल तर बाटलीवर लिहिलेला काळ पाळा. मी तर चहाच्या झाडांवर रासायनिक काही मारूच नये या मताची आहे. तुळशीवर पिठ्या ढेकूण आला तर तेवढी फांदी कापून टाकणं सोपं.

उन्हात वाळवली तर लवकर वाळतील ना?

लवकर वाळतील, पण गवताची काडी होईल. कडक उन्हात हिरवा रंग जातो आणि वासही जातो. मिरच्या, कुरडया, सांडगे यांना ऊन लागतं. या पानांना सावली आणि वारा लागतो.

धुऊन, पाणी झटकून, जुन्या सुती कापडावर टिपून घ्या. मग सुपात किंवा मोठ्या चाळणीवर मलमल अंथरून एकेरी थर पसरा. थरावर थर आला की खालची पानं घामेजतात आणि बुरसटतात. वरून दुसरं पातळ कापड टाका म्हणजे धूळ बसणार नाही. पंख्याखाली किंवा वारा येणाऱ्या खोलीत ठेवा, दिवसातून एकदा हलवा. पुदिना तीन-चार दिवसांत होतो. गवती चहा आधी कात्रीनं बोटाच्या पेराएवढा कापून घ्या, अख्खी पानं वाळल्यावर कापायला गेलं की हात दुखतात.

वाळलं हे कसं ओळखायचं? पान चिमटीत धरून दाबलं की आवाज करून तुटलं पाहिजे. वाकलं तर अजून पाणी आहे. बरणीत भरल्यावर दोन दिवसांनी आतल्या काचेवर नजर टाका. वाफेचा बारीकसा धुरकटपणा दिसला तर सगळं बाहेर काढून पुन्हा पसरा. ही एक पायरी चुकवली तर पूर्ण बरणीला बुरशी लागते, आणि बुरशीचा भाग काढून बाकीचं वापरणं धोक्याचं आहे. ती बरणी टाकूनच द्यायची.

पावसाळ्यात काय करायचं?

वाळवू नका. जून ते सप्टेंबर कोकणात, मुंबईत किंवा घाटमाथ्यावर हवेतच इतकं पाणी असतं की सावलीत पान वाळायच्या आधी कुजतं. त्या महिन्यांत झाडं जोमात असतात, ताजी पानंच वापरा. वाळवणाचं काम ऑक्टोबर हीटमध्ये आणि मग फेब्रुवारीपासून मेपर्यंत काढा. विदर्भ-मराठवाड्यात हवा कोरडी असल्यामुळे पावसाची मोठी उघडीप मिळाली तर जमून जातं.

मिश्रण नेमकं ठरवायचं कसं?

मी तीनचा नियम पाळते. एक मुख्य पान, जे कपात सगळ्यात जास्त असतं आणि ज्याची चव सौम्य असते. एक सोबती, जो मुख्य पानाला वेगळी दिशा देतो. आणि तिसरी गोष्ट चिमूटभर, जी भाजीवर पडलेल्या फोडणीसारखी आधी नाकाला कळते. मुख्य म्हणजे गवती चहा, बडीशेप, गुलाबपाकळी. सोबती म्हणजे पुदिना, तुळस, लाल अंबाडी. चिमूट म्हणजे सुंठ, मिरी, वेलदोडा, ओवा, दालचिनी. चौथी गोष्ट घालायची इच्छा झाली तर आधीच्या तिघांतली एक काढा.

लोकांना वाटतं, जितकी जास्त पानं तितका गुणकारी चहा. तुळस, पुदिना, गवती चहा, आलं, ओव्याचं पान, दालचिनी, लवंग, कढीपत्ता, हळद असं सगळं पातेल्यात पडतं आणि शेवटी तपकिरी, कडवट पाणी हाती येतं. त्यात कोणाचीच चव नसते. घरातली मुलं एकदा पितात आणि पुन्हा मागत नाहीत.

मिश्रण ठरवण्याची एक साधी रीत सांगते, ती खरंच करून बघा. प्रत्येक पानाचा स्वतंत्र, जरा कडक चहा करा. अर्धी वाटी गवती चहाचा, अर्धी वाटी पुदिन्याचा, अर्धी वाटी तुळशीचा. आता एका रिकाम्या वाटीत चमच्यानं मोजून मिसळा: तीन चमचे गवती चहा, एक चमचा पुदिना. चाखा. त्यात एक चमचा तुळस. पुन्हा चाखा. आणखी एक चमचा तुळस घातलीत की एका क्षणी गवती चहा मागे पडल्याचं जिभेला कळतं, तिथे थांबायचं. जे चमचे मोजलेत तेच वाळल्या पानांचं प्रमाण धरून पहिली छोटी बरणी भरायची. वाया काही जात नाही. आणि एकदा असं केलं की दुसऱ्याच्या प्रमाणाची गरज उरत नाही.

तरीही सुरुवातीसाठी काही प्रमाणं द्या.

वाळलेल्या पानांची ही प्रमाणं आहेत, भाग मापानं धरा, वजनानं नव्हे.

रोजच्यासाठी गवती चहा ३ भाग, पुदिना १ भाग, तुळस १ भाग. हा सगळ्यांना आवडतो, पाहुण्यांना द्यायलाही हाच.

जेवणानंतर बडीशेप २ भाग, पुदिना २ भाग आणि ओवा अगदी पाव भाग. बडीशेप आधी कुटून ठेवू नका, कप करायच्या वेळी खलबत्त्यात एकदाच दाबा. ज्यांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास आहे त्यांनी हा चहा घेऊ नये. पुदिना अन्ननलिकेच्या खालच्या झडपेचा स्नायू सैल करतो आणि आम्ल वर यायला वाट मिळते. त्यांच्यासाठी नुसती बडीशेप बरी.

उन्हाळ्यात लाल अंबाडी २ भाग, गुलाबपाकळी २ भाग, एक-दोन वेलदोडे. हा गरम करायचाच नाही. रात्री माठातल्या पाण्यात भिजत घाला, सकाळी गाळा. आयुर्वेदात थंड पाण्यात रात्रभर भिजवून गाळण्याच्या या कृतीला हिम म्हणतात. अंबाडीचा रंग आणि आंबटपणा असा फार स्वच्छ उतरतो. गुलाब मात्र घरच्या गावठी झाडाचा हवा. फुलवाल्याकडच्या गुलाबावर फवारणी झालेली असते.

रात्रीसाठी कॅमोमाइल (शेवंतीच्या कुळातलं एक लहान फूल) आणि बडीशेप समसमान. कॅमोमाइल पुण्या-नाशिकच्या थंडीत छान येतं, ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये बी टाका, थंडी सरता सरता फुलं मिळतात. मुंबईच्या दमट हवेत त्यावर फार वेळ घालवू नका. शेवंती-झेंडूची ॲलर्जी असलेल्यांनी कॅमोमाइल टाळावं, ती सगळी एकाच कुळातली आहेत.

एका कपाला किती घालायचं?

दोनशे मिली पाण्याला वाळलेलं मिश्रण एक लहान चमचा. ताजी पानं असतील तर त्याच्या तिप्पट, म्हणजे साधारण आठ-दहा पुदिन्याची पानं किंवा गवती चहाची दोन लांब पानं, गाठ मारून.

पाण्यात घालून किती वेळ उकळायचं?

पानं आणि फुलं उकळायचीच नाहीत. पाणी उकळवा, गॅस बंद करा, पानं घाला आणि ताबडतोब झाकण ठेवा. पाच ते सात मिनिटं. मग गाळा.

झाकणाकडे मुद्दाम लक्ष वेधते. उघड्या पातेल्यावरून स्वयंपाकघरभर पसरलेला छान वास हा कपातून गेलेला वास असतो. झाकण उचललंत की त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब परत पातेल्यात झटका. त्या थेंबांत तेल उतरलेलं असतं, एक थेंब बोटावर घेऊन हुंगून बघा.

आलं, सुंठ, दालचिनी, मिरी, धने-जिरे यांचं वेगळं आहे. साल, मूळ, बी यांतला अर्क सहज सुटत नाही, त्यांना मंद आचेवर पाच-दहा मिनिटं उकळावं लागतं. म्हणून दोन्ही प्रकार एकत्र असतील तर आधी आलं-दालचिनी उकळून घ्या, गॅस बंद करा, मग पानं टाकून झाका. वैद्यकात काढा आणि फांट या दोन स्वतंत्र कृती आहेत त्या याचसाठी: काढा उकळून आटवायचा, फांट गरम पाण्यात बुडवून गाळायचा. आपल्या घरांत सगळ्याचाच काढा होतो, आणि तुळस दहा मिनिटं खळखळ उकळून कडू झाली की लोक त्यात गूळ वाढवतात.

दूध घालता येईल का?

गवती चहा, आलं, वेलदोडा, दालचिनी यांच्यात दूध चांगलं लागतं. आलं मात्र आधी पाण्यात उकळा. कच्च्या आल्यात प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, त्यानं दूध फाटतं. पाण्यात उकळलं की ते निकामी होतं. लाल अंबाडीत दूध घालू नका, आंबटपणानं लगेच फाटेल. पुदिना-दूध मला स्वतःला रुचत नाही, पण ते चवीचं आहे.

लाल अंबाडी म्हणजे जास्वंदच का?

एकाच प्रजातीगटातली भावंडं आहेत, पण कपात फार फरक पडतो. बाजारात हिबिस्कस टी म्हणून जो आंबट, गडद लाल चहा मिळतो तो लाल अंबाडीच्या बोंडांभोवतीच्या मांसल, लाल पाकळीसारख्या भागाचा. देवाला वाहतो त्या जास्वंदीच्या फुलाचा चहा जवळजवळ बेचव आणि जरा बुळबुळीत होतो. जास्वंदीनं रंग येतो, आंबटपणा येत नाही.

लाल अंबाडी जून-जुलैमध्ये पेरा. दिवस लहान होऊ लागले की ती फुलते आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये बोंडं मिळतात. फूल गळून गेल्यावर बोंड भरतं, पण वाळून कडक होण्याआधी काढायचं. आतलं हिरवं बी-बोंड काढून टाकून फक्त लाल भाग वाळवायचा. आंबट असल्यामुळे ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात करू नका. स्टील, काच किंवा चिनी माती वापरा.

गोकर्णाच्या निळ्या चहात काही चव असते का?

फारशी नाही. रंगासाठीच लोक करतात, आणि रंग खरोखर देखणा असतो. चार-पाच फुलं गरम पाण्यात टाकली की गडद निळं पाणी होतं, लिंबाचे थेंब पडले की जांभळं. मुलांना हे दाखवायला छान. चवीसाठी त्यात गवती चहा हवाच. फक्त फुलंच घ्या, गोकर्णाचं मूळ आणि बी रेचक आहेत.

गूळ घालावा की मध?

आधी काहीच न घालता प्या. मिश्रण नीट जमलं असेल तर साखरेची गरज फार कमी भासते. घालायचाच तर सुंठ-मिरीच्या चहात गूळ, बाकीच्यांत मध, आणि मध कप कोमट झाल्यावर. वर्षाच्या आतल्या बाळाला मध कोणत्याही रूपात द्यायचा नाही, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते.

रोगप्रतिकारशक्तीसाठी रोज काढा घ्यावा का? गुळवेल घालू का?

कोविडच्या काळात हा प्रश्न घराघरांत शिरला आणि अजून गेलेला नाही. २०२० मध्ये आयुष मंत्रालयानं आयुष क्वाथाचं, म्हणजे काढ्याचं, जे प्रमाण दिलं ते असं: तुळस ४ भाग, दालचिनी २, सुंठ २, मिरी १. अशी ३ ग्रॅम पूड आणि १५० मिली उकळलेलं पाणी. म्हणजे मिरी एका वेळी ग्रॅमचा जेमतेम एक तृतीयांश. घरोघरी मात्र मिरीचे आठ-दहा दाणे, मूठभर लवंगा असं करून दिवसातून तीनदा काढा प्यायला गेला, आणि पोटात आग पडल्याच्या तक्रारी आल्या त्या त्यामुळेच.

गुळवेलीबद्दल मी स्पष्ट सांगते: घरच्या रोजच्या चहात ती घालू नका. २०२१ मध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयानं त्यावर आक्षेप घेतला, वनस्पतीची ओळख नीट पटवलेली नाही असं त्यांचं म्हणणं होतं. दोन्ही बाजू मान्य केल्या तरी आपल्यासाठी निष्कर्ष तोच राहतो. गुळवेलीसारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत, आणि कुंपणावरची वेल नक्की कोणती हे आपण खात्रीनं सांगू शकत नाही. ते औषध आहे, वैद्यांना विचारून घ्या. अडुळशाचंही तसंच.

दालचिनीबद्दलही एक. बाजारात मिळणारी जाड, टणक साल बहुतेकदा कॅसिया या दालचिनीच्या भावंडाची असते. तिच्यात कुमारिन नावाचं द्रव्य जास्त असतं, आणि रोज मोठ्या प्रमाणात घेतलं तर ते यकृताला चांगलं नाही. पातळ, कागदासारख्या थरांची खरी दालचिनी कोकणात होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठानं कोकण तेज नावाचं वाणही दिलेलं आहे. एक रोप मिळालं तर लावा, त्याची पानंसुद्धा लवंगेच्या वासाची असतात आणि पावसाळी चहात एक पान पुरतं.

कोणी जपून प्यावं?

गरोदर बायकांनी लाल अंबाडी, अडुळसा आणि ज्येष्ठमध टाळावं. तुळस किंवा गवती चहा रोज घ्यायचा असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं. दुधाच्या चहात एखादं पान पडणं वेगळं, रोज तीन कप कडक चहा वेगळा.

बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांनी लाल अंबाडी सांभाळून घ्यावी, ती रक्तदाब उतरवते. ज्येष्ठमध उलट रक्तदाब वाढवतं आणि पोटॅशियम कमी करतं, गोड लागतं म्हणून त्याची सवय लावून घेऊ नका. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील तर रोजच्या तुळशीबद्दल डॉक्टरांशी बोला.

हिमोग्लोबिन कमी असलेल्यांकडून एक गोष्ट राहून जाते. पुदिना, कॅमोमाइल यांच्या चहातल्या घटकांमुळेसुद्धा जेवणातलं लोह कमी शोषलं जातं. कॅफीन नाही म्हणून जेवताना पिऊन चालेल असं नाही. जेवणानंतर तास-दीड तासानं प्या, आणि लोहाची गोळी या चहाबरोबर घेऊ नका.

बरणीतलं मिश्रण किती टिकतं? वर पानं आणि खाली बियाच का राहतात?

काचेची घट्ट झाकणाची बरणी, बंद कपाट, शेगडीपासून लांब. सहा महिने उत्तम, वर्षभर चालतं. वास गेला की चवही गेली, मग ते कुंडीत खत म्हणून टाका. झाकणावर नाव आणि महिना लिहून चिकटवा. वाळल्यावर तुळस आणि पुदिना दिसायला फार सारखे होतात.

बिया जड असल्यामुळे तळाला बसतात. त्यामुळे पहिले कप नुसत्या पानांचे आणि शेवटचे नुसत्या बडीशेपेचे होतात. पानं बडीशेपेच्या जवळपास आकाराची चुरा, आणि घेण्याआधी बरणी आडवी करून हलवा. मला विचाराल तर बिया वेगळ्या डबीत ठेवून कपागणिक घालणं सगळ्यात बरं.

आम्ही थंड देशात राहतो. तिथे जमेल का?

पुदिना तर उत्तम येईल. गवती चहासाठी आशियाई किराणा दुकानात मिळणारे दांडे आणा. ज्यांचा बुडखा शाबूत आहे असे निवडा आणि पाण्यात ठेवा, मुळं फुटतात. उन्हाळाभर बाहेर ठेवा, शरद ऋतूत रात्री गार होऊ लागल्या की हिमतुषार पडायच्या आत कुंडी घरात घ्या, उजेडाच्या खिडकीत ठेवा आणि पाणी कमी करा. वसंतात पुन्हा फुटते. तुळस तिथे वर्षायू समजा. घरात बी रुजवून घ्या, गारठा संपल्यावर बाहेर काढा, आणि थंडी येण्याआधी सगळी पानं काढून वाळवा. केंद्रीय हीटिंगच्या कोरड्या हवेत पानं आपल्यापेक्षाही चटकन वाळतात.

मिश्रण पाकिटात भरून विकता येईल का?

येईल, पण एफएसएसएआयची, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी घ्यावी लागते, अगदी घरगुती उद्योगाला आणि बचत गटालासुद्धा. पाकिटावर सगळे घटक, वजन, तयार केल्याची तारीख आणि नोंदणी क्रमांक हवा. मधुमेह बरा होतो, वजन उतरतं असे दावे छापू नका. ते कायद्यात बसत नाहीत, आणि एखादा माणूस त्यावर विसंबून आपली गोळी थांबवू शकतो. लाल अंबाडी किंवा ज्येष्ठमध असलेल्या पाकिटावर बीपीच्या रुग्णांसाठीची सूचना ठळक अक्षरात छापा, आणि पहिल्या घाण्यातलं एक पाकीट महिनाभर स्वतःकडे ठेवून त्यात ओल धरत नाही ना, हे उघडून बघितल्याशिवाय दुसरा घाणा विक्रीला काढू नका.